ईद सरकते आणि आलेख फसतो : दुकानाचे आकडे एका मापावर कसे आणावेत

२०१९ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. दिवाळीच्या मालासाठी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्यावी म्हणून मी बँकेत गेलो होतो. धाकट्या मुलाने आदल्या रात्री बसून कॉम्प्युटरवर दुकानाच्या विक्रीचा आलेख काढून दिला होता. दोन रेघा होत्या. निळी २०१८ ची, तांबडी २०१९ ची. खाली महिने, डावीकडे रुपये. कागद रंगीत होता, दिसायला सुबक होता. साहेबांनी चष्मा लावला, कागदावर बोट फिरवले आणि जूनवर थांबवले. म्हणाले, "शेठ, गेल्या वर्षी जूनमध्ये तुमचा डोंगर केवढा होता आणि या वर्षी बघा. हंगामच निम्म्यावर आला आहे. अशा वेळी मर्यादा वाढवा असे मी वर कसे लिहू?"

मला माहीत होते की हंगाम निम्म्यावर आलेला नाही. गल्ला रोज संध्याकाळी मीच मोजत होतो. पण माझ्याच मुलाने काढलेला कागद माझ्याविरुद्ध साक्ष देत होता आणि मला उत्तर देता आले नाही. मर्यादा वाढली नाही. त्या दिवाळीचा अर्धा माल व्यापाऱ्याच्या उधारीवर उचलला आणि मुदतीमुळे भाव चढा द्यावा लागला.

साहेबांची चूक होती असे मी म्हणत नाही. त्यांच्यापुढे जे ठेवले ते त्यांनी वाचले. चूक कागदात होती. ती शोधायला मला आणि मुलाला पुढे दोन-तीन आठवडे लागले, आणि त्या निमित्ताने जे शिकलो ते आपल्या व्यापारी बंधूंपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

चांद आणि कॅलेंडर

२०१८ मध्ये रमजान १७ मेला सुरू झाला आणि ईद १६ जूनला झाली. म्हणजे १५ रोजे मे महिन्यात, १५ जूनमध्ये. २०१९ मध्ये रमजान ७ मेला लागला, ईद ५ जूनला. म्हणजे २५ रोजे मेमध्ये आणि जूनच्या वाट्याला फक्त ४. आता कापडधंद्यातल्या कोणालाही विचारा, रमजानची विक्री सगळ्या दिवशी सारखी नसते. पहिला पंधरवडा दुकानदार माश्या मारतो. खरी गर्दी शेवटच्या दहा दिवसांत, आणि त्यातही शेवटच्या चार दिवसांत.

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. दुकानाचे खरे आकडे छापून शेजाऱ्याला सांगण्याइतका मी भोळा नाही. समजा दोन्ही वर्षी रमजानची विक्री दहा लाखच झाली. त्यातले दोन लाख पहिल्या पंधरवड्याचे, आठ लाख दुसऱ्याचे, आणि त्या आठातले चार लाख शेवटच्या चार दिवसांचे. २०१८ मध्ये मे महिन्यात दोन लाख पडले, जूनमध्ये आठ. २०१९ मध्ये मेमध्ये सहा, जूनमध्ये चार. बेरीज दहाची दहाच. पण आलेखावर काय दिसते? निळ्या रेघेचे शिखर आठावर, तांबड्याचे सहावर. जून तर थेट निम्मा. धंदा होता तिथेच आहे, फक्त एका डोंगराची माती दोन टेकड्यांत वाटली गेली, आणि बघणाऱ्याला वाटले की डोंगर खचला.

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण ती वही-खात्यात उतरवायची असते हे आपल्या लक्षात येत नाही. आणि हे केवळ ईदेचे नाही. दिवाळी २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होती, पुढच्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे ती १२ नोव्हेंबरला गेली. ऑक्टोबर २०२२ आणि ऑक्टोबर २०२३ शेजारी ठेवून "विक्री का पडली" असे जो मुनिमाला विचारील, त्याने आधी पंचांग बघावे. २००४, २००५ आणि २००६ या तीन वर्षी तर दिवाळी आणि ईद काही दिवसांच्या अंतराने आल्या होत्या. अब्बांच्या त्या वर्षांच्या वह्या पाहिल्या तर एकच उंच शिखर आहे आणि बाकी वर्ष सपाट. कोणत्या सणाची किती विक्री हे त्यातून आज कोणीही वेगळे करू शकणार नाही.

यापेक्षा मोठा घोटाळा आर्थिक वर्षात होतो, कारण बँक आणि करखाते एप्रिल ते मार्च पाहतात. २०२४ ची ईद ११ एप्रिलला झाली आणि २०२५ ची ३१ मार्चला. दोन्ही तारखा २०२४-२५ या एकाच आर्थिक वर्षात पडतात. म्हणजे त्या वर्षाच्या उलाढालीत शेवटच्या दहा दिवसांची गर्दी दोन वेळा आली. त्याच्या पुढच्या २०२५-२६ मध्ये ईद एकच, मार्च २०२६ मधली. ज्याच्या दुकानात रमजानचा वाटा मोठा आहे, त्याची २०२५-२६ ची उलाढाल आदल्या वर्षापेक्षा कमी दिसणार, मग त्याने कितीही मेहनत केलेली असो. हे बँकेला आपणच समजावून सांगायला हवे. तेही तोंडाने सांगून भागत नाही, कागदावर दाखवावे लागते.

उपाय सोपा आहे

एक्सेल असो, गुगलची शीट असो की फुकट मिळणारे दुसरे एखादे, प्रत्येक स्प्रेडशीटच्या पोटात तारीख ही एक संख्याच असते. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरते आणि पुढे रोज एक मिळवत जाते. म्हणूनच एका तारखेतून दुसरी वजा करता येते. आम्ही एका वेगळ्या पानावर प्रत्येक वर्षाच्या ईदेची तारीख लिहिली. मग रोजच्या विक्रीशेजारी एक नवा रकाना घेतला: ईदेची तारीख वजा विक्रीची तारीख. उत्तर येते "ईदेला इतके दिवस". तीस, एकोणतीस, अठ्ठावीस, असे करत शून्यापर्यंत. आलेखाच्या खालच्या रेघेवर महिन्यांच्या नावांऐवजी हे दिवस ठेवले आणि २०१८ व २०१९ च्या रेघा पुन्हा काढल्या. दोन्ही जवळजवळ एकमेकींवर बसल्या. शेवटच्या आठवड्यात तर तांबडी किंचित वरच होती. मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मी बँकेच्या साहेबांना आठवत होतो.

स्प्रेडशीटमध्ये हिजरी तारीख दाखवण्याची सोय आहे, तीही आम्ही करून पाहिली. पण ती गणिताने काढलेली असते आणि आपली ईद चांद पाहून होते, त्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो. शेवटच्या चार दिवसांत एका दिवसाचा फरक मोठा असतो. म्हणून तारखा हातानेच लिहिलेल्या बऱ्या.

दिवाळीसाठीही हेच. "लक्ष्मीपूजनाला इतके दिवस" असा रकाना. आमच्या वाईत आणखी एक तारीख लागते, मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेची. ती पौष पौर्णिमेला असते. ओटीचे खण आणि हिरवी लुगडी यांची विक्री त्याआधीच्या पंधरवड्यात होते, आणि ही पौर्णिमा कधी जानेवारीच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीस. आमच्या दुकानात खणांचा हंगाम ईदेच्या हंगामाइतकाच ठरलेला आहे, फक्त त्याचा चांद वेगळा.

आठवडी बाजाराचा हिशेबही इथेच सांगतो. गावोगावची माणसे बाजाराच्या दिवशी येतात आणि त्या दिवशीची विक्री साध्या दिवसाच्या तिप्पट होते असे समजा. साधा दिवस वीस हजार, बाजाराचा साठ हजार. महिन्यात दुकान सव्वीस दिवस उघडे. बाजार चार वेळा आला तर विक्री सहा लाख ऐंशी हजार, पाच वेळा आला तर सात लाख वीस हजार. सुमारे सहा टक्के वाढ, आणि दुकानदाराचे कर्तृत्व त्यात काडीचे नाही. म्हणून महिना महिन्याशी ताडून पाहण्यापेक्षा बाजाराच्या दिवसाची सरासरी आणि साध्या दिवसाची सरासरी वेगवेगळी काढावी.

एका मापावर आणणे म्हणजे काय

कॉम्प्युटरवाले याला "नॉर्मलाइझ करणे" म्हणतात. शब्द मोठा आहे, काम जुने आहे. आम्ही उर्दू शाळेत जे अरबा-ए-मुतनासिबा म्हणून शिकलो आणि मराठी शाळेतली मुले त्रैराशिक म्हणून शिकली, तेच हे. कापडवाल्याला तर ते शिकवायलाच नको. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली, मीटरची पट्टी आली, तरी गिऱ्हाईक वारात मागत राहिले आणि लुगडे अजून नऊवारीच आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडे कमी. जुन्या वहीतले वार आणि नव्या बिलातले मीटर एका आलेखावर टाकायचे तर वाराला ०.९१४४ ने गुणावे लागते. हे केल्याशिवाय दोन्ही आकडे शेजारी बसवणारा माणूस आपल्या धंद्यात टिकणार नाही. मग रुपयांच्या बाबतीत आपण ते का विसरतो?

वाईकरांसाठी पावसाचे उदाहरण देतो. पसरणीचा घाट चढून पाचगणीवरून महाबळेश्वरला गेले की वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि खाली वाईत त्याचा लहानसा हिस्सा. दोन्हींच्या रेघा एका आलेखावर काढल्या तर महाबळेश्वरची रेघ आभाळात आणि वाईची तळाशी आडवी झोपलेली. वाईला यंदा दुष्काळ पडला की चांगले पिकले, हे त्या झोपलेल्या रेघेवरून कळणार नाही. पण प्रत्येक गावाचा यंदाचा पाऊस त्याच गावाच्या सरासरीने भागला आणि शंभराने गुणला, की दोन्ही रेघा शंभराच्या आसपास येतात. कोणाला किती टक्के कमी पडला ते एका नजरेत दिसते.

दुकानातही असेच मोठे आणि लहान गाव असते. शर्टिंग-सूटिंगचे थान म्हणजे आमचे महाबळेश्वर. खण, टॉवेल, टोप्या, परकराचे कापड ही सगळी खालची गावे. रुपयांच्या आलेखावर खालच्यांचे काही दिसतच नाही. म्हणून प्रत्येक मालासाठी एक पायाभूत वर्ष धरायचे, त्याला शंभर म्हणायचे आणि पुढच्या प्रत्येक वर्षाची विक्री त्या वर्षाने भागून शंभराने गुणायची. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदाच लिहून खाली ओढायचे असते. फक्त पायाभूत वर्षाच्या घराच्या नावात अक्षराआधी आणि अंकाआधी डॉलरचे चिन्ह टाकायला विसरू नये. ते चिन्ह म्हणजे खिळा आहे. खिळा ठोकला नाही तर सूत्र खाली ओढताना पायाच खाली सरकत जातो आणि प्रत्येक वर्ष भलत्याच वर्षाने भागले जाते. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच झाले होते. आणि आकडे इंग्रजी अंकांतच टाकावेत. देवनागरी किंवा उर्दू अंक टाकले तर यंत्र बहुधा त्यांना अक्षरे समजते आणि बेरीज शून्य दाखवते.

पायाभूत वर्ष निवडताना फार जपावे. कोणाला वाटेल, कुठलेही धरा. २०२० धरून पाहा. २५ मे २०२० ची ईद टाळेबंदीत गेली, ऐन हंगामात दुकानाला कुलूप होते. त्या वर्षाला शंभर म्हटले तर पुढचे प्रत्येक वर्ष दोनशे, तीनशे दिसते आणि माणसाला वाटते आपण मोठे शेठ झालो. १४ मे २०२१ ची ईदही निर्बंधांतच गेली. आम्ही शेवटी २०१४-१५ ते २०१६-१७ या तीन वर्षांची सरासरी पाया म्हणून घेतली. त्यातही नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आहे, पण तीन वर्षांत ती थोडी विरघळते. सरकारही पाया बदलत असते. शिमल्याच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांचा महागाई निर्देशांक पूर्वी १९८२ ला शंभर धरत असे, मग २००१ आले, आणि २०२० मध्ये २०१६ हे पायाभूत वर्ष झाले. जुने आकडे नव्याला जोडता यावेत म्हणून दर वेळी जोडगुणक देतात. १९८२ आणि २००१ च्या मालिकांमध्ये ४.६३, २००१ आणि २०१६ च्या मालिकांमध्ये २.८८. कामगारांचा महागाई भत्ता या आकड्यांवर ठरतो, म्हणून तिथे गुणक जाहीर होतो. आपल्या वहीचा गुणक आपणच लिहून ठेवायचा.

रुपया फुगतो, मीटर फुगत नाही

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती सांगतो.

दहा वर्षांचा रुपयांतला आलेख चढता होता. शर्टिंगची विक्री पाहा: समजा २०१५-१६ मध्ये ५००० मीटर, भाव १२० रुपये, म्हणजे सहा लाख. २०२४-२५ मध्ये सात लाख वीस हजार. शंभराचे एकशे वीस झाले, मन खूश. पण दरम्यान मीटरचा भाव २०० झालेला. सात लाख वीस हजार भागिले दोनशे, म्हणजे ३६०० मीटर. मीटरच्या हिशेबाने शंभराचे बहात्तर राहिले. आकडे गोल केले आहेत, पण प्रमाण आमच्या दुकानाचेच आहे. म्हणजे दहा वर्षे मी समजत होतो की धंदा वाढतो आहे, आणि प्रत्यक्षात चौथा हिस्सा गिऱ्हाईक निघून गेले होते. रुपया तेवढा फुगला होता. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या पुढे गेली होती हे सुताशी संबंध असलेल्या सर्वांना आठवत असेल. त्या वर्षी आमची "विक्री" उत्तम झाली.

आयकर खाते भांडवली नफ्यासाठी जो महागाई निर्देशांक जाहीर करते, त्यात २००१-०२ ला शंभर धरले तर २०२४-२५ ला ३६३ आहे. जमीन-घराच्या व्यवहारात आपले लोक हा आकडा तोंडपाठ ठेवतात, मात्र स्वतःच्या गल्ल्याला तो लावून पाहत नाहीत. तरी मी सांगेन, कापडाला सरकारी निर्देशांक लावू नका. आपल्याकडे मीटर आणि नग आहेत, तेच खरे माप. ज्याने बिलात फक्त रक्कम लिहिली आणि मीटर लिहिले नाहीत, त्याच्या हातात हे माप उरत नाही. अब्बा प्रत्येक ओळीत माप लिहीत, मी मधल्या काही वर्षांत आळसाने सोडले होते. ती वर्षे माझ्या आलेखात तुटक रेघेने दाखवावी लागली.

कराचेही तसेच. जुलै २०१७ पूर्वी थानातल्या कापडाच्या बिलावर आम्ही विक्रीकर लावत नव्हतो, जीएसटीनंतर पाच टक्के आला. १०५ रुपयांचे बिल म्हणजे १०० रुपयांची विक्री. जुन्या आणि नव्या बिलांची बेरीज तशीच ठेवली तर जुलै २०१७ मध्ये आलेख एक पायरी चढतो, आणि ती पायरी सरकारची असते. तयार कपड्यांत दर किमतीप्रमाणे वेगळे, त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा बदल झाला. अडीच हजारांपर्यंत पाच टक्के, वर अठरा. म्हणून रकाना कायम कर वगळलेल्या रकमेचा असावा.

चित्रपटवाल्यांची धोतरे

आणखी एक पद्धत आहे, मुलाला ती फार आवडली होती. सर्वांत कमी विक्रीला शून्य म्हणायचे, सर्वांत जास्त विक्रीला एक, आणि बाकी सगळे मधे बसवायचे. विक्रीतून किमान वजा, भागिले कमाल वजा किमान. सगळ्या मालाच्या रेघा शून्य ते एक या एकाच पट्ट्यात येतात, दिसायला छान.

वाईत चित्रपटांचे चित्रीकरण नेहमी चालते, हे सर्वांना माहीत आहे. एका वर्षी असेच एक युनिट आले आणि त्यांच्या कपडेपटाच्या माणसाने एका दुपारी दुकानातली सगळी धोतरे आणि फेट्यांचे कापड उचलले. रोख पैसे. आम्ही पेढे वाटले. पण या पद्धतीने आलेख काढला तेव्हा धोतराचा तो एक महिना "एक" झाला आणि बाकीचे सगळे महिने शून्याच्या बुडाशी चिकटले. धोतर मेले असा त्याचा अर्थ निघत होता. धोतर मेलेले नाही, वारकरी आणि म्हातारे शेतकरी नेतातच. तो एक महिना बाजूला काढला तेव्हा रेघ माणसात आली. काढला म्हणजे खोडला नाही. त्याखाली टीप लिहिली. सांगलीच्या आमच्या नातलगांनी ऑगस्ट २०१९ च्या महापुराचा महिना असाच टीप लिहून वेगळा ठेवला आहे. चांगला धक्का असो की वाईट, तो मापाच्या टोकाला बसला की मधले सगळे चिरडते. मी स्वतः ही पद्धत वापरत नाही. शंभराची बरी.

आलेखाने झाकलेलेही पाहावे

शंभराच्या पद्धतीचा दोष हा की ती आकार लपवते. आमच्या खणांची रेघ शंभरावरून दोनशेवर गेली, शर्टिंगची बहात्तरवर आली. मुलगा म्हणाला, "अब्बा, थान बंद करू. अर्धे दुकान त्यानेच अडवले आहे." मी म्हटले, दुप्पट झालेल्या खणातून घरखर्चाचे किती दिवस निघतात ते आधी काढ. म्हणून शंभराच्या आलेखाशेजारी रुपयांचा साधा तक्ता ठेवायलाच हवा. एकटा आलेख कोणाला दाखवू नये.

मग आम्ही आणखी एक माप लावले, कपाटाच्या फुटामागे नफा. समजा थानाचा नफा वर्षाला एक लाख वीस हजार आणि जागा चोवीस फूट, म्हणजे फुटाला पाच हजार. खणाचा नफा तीस हजार, जागा तीन फूट, म्हणजे फुटाला दहा हजार. मुलाचे म्हणणे या मापाने अधिकच पक्के झाले. पण खणाला सहा फूट दिले म्हणून काळूबाईची यात्रा वर्षातून दोनदा भरत नाही. आणि थानामागे शिंपी आहे. शिंपी गिऱ्हाईक घेऊन येतो, ते गिऱ्हाईक अस्तर, बटणे, पोराला तयार पायजमा असे चार जिन्नस नेते. हा संबंध कोणत्याही रकान्यात लिहिलेला नाही. म्हणून थान बंद केले नाही. चोवीस फुटांचे सोळा केले, आठ फूट तयार कुर्ता-पायजम्याला दिले. बरोबर केले की चूक हे आणखी दोन रमजान गेल्यावर कळेल.

आलेखाची ही विद्या मुळात व्यापाऱ्यांच्याच कामासाठी निघाली. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीच्या रेघा काढून पुस्तक छापले. १८२१ मध्ये त्याने गव्हाचा भाव आणि कारागिराची मजुरी एका कागदावर मांडली. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त आहे, असे त्याला दाखवायचे होते. पण त्याने दोन्ही वेगवेगळे काढले, एकाला दुसऱ्याने भागले नाही. त्यामुळे त्याचे म्हणणे वाचकाला चित्रात शोधत बसावे लागते. प्लेफेअरसारख्याचे असे झाले, तर माझ्या मुलाचे काय घेऊन बसलात? स्प्रेडशीटही व्यापारशिक्षणातूनच जन्मली. डॅन ब्रिकलिन हार्वर्डला धंद्याचे शिक्षण घेत असताना फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की सगळी ओळ पुसावी लागते हे त्याने पाहिले, आणि १९७९ मध्ये बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने व्हिजिकॅल्क बाजारात आणले. खतावणी करताना ज्याने एका आकड्यासाठी पान फाडले आहे, त्याला या माणसाचे दुःख समजेल.

२०१९ चे ते साहेब बदलून गेले. पुढे नव्या साहेबांकडे मी तीन कागद घेऊन गेलो: ईदेच्या दिवसांवर बसवलेला आलेख, मीटरचा आलेख आणि रुपयांचा साधा तक्ता. मीटर कमी झाल्याचेही लपवले नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे खाली उलटे आकडे कसले?" मी सांगितले. त्यांनी ईदेच्या तारखांचे पान मागून घेतले आणि स्वतः दोन वर्षे ताडून पाहिली. मर्यादा मी मागितली होती तेवढी नाही, पण वाढली.

ईदेच्या तारखांचे ते पान आम्ही मागे अब्बांच्या वह्यांपर्यंत नेले आहे आणि पुढे अंदाजाने २०३५ पर्यंत. प्रत्येक वर्षाला एक ओळ, एक तारीख. मुलगा २०३३ वर अडला. त्या वर्षी जानेवारीच्या सुरुवातीला एक आणि डिसेंबरच्या अखेरीस एक अशा दोन ईदी येतात, आणि एका घरात दोन तारखा मावत नाहीत. मी त्याला २००० सालची वही काढायला सांगितली. त्या वर्षीही जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक अशा दोन ईदी होत्या. अब्बांनी वहीच्या मधोमध एक आडवी रेघ मारून त्या वर्षाची दोन खाती केली होती. मुलाने २०३३ च्या दोन ओळी केल्या आहेत.